पानिपतच्या पाच फ्लॉप्या

दिल्लीहून आल्यापासून सांगलीत जो भेटेल तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" लाल किल्ला पाहिला नाही. कुतुबमिनार बसच्या खिडकीतून पाहिला, तोही धुक्यामुळे कमरेपर्यंतच. पण गुडगावातली एक काचेची इमारत, गाझियाबादेतली एक गच्ची आणि पानिपतातला एक रंगाचा कारखाना मी इतका नीट पाहून आले आहे, की विचारणाऱ्याची अर्ध्या तासाच्या आत सुटका होत नाही. शेवटी नवरा म्हणाला, "एकदा लिहूनच काढ. मग कागद देत जा." म्हणून हे.

आधी माझं काम सांगते. मी एका इंजिनिअरिंग कॉलेजातली संगणकाची प्रयोगशाळा सांभाळते, आणि कॉलेज सुटल्यावर रेसिप्या सांभाळते. खाण्याच्या नव्हेत. शास्त्रज्ञ आपली मोठमोठी गणितं सोडवायला जे प्रोग्रॅम वापरतात, त्यातले पुष्कळसे फुकट मिळतात, पण कच्च्या मालासारखे. मूळ मजकूर उतरवून घ्यायचा, त्याला लागणारे दुसरे चार प्रोग्रॅम आधी बसवायचे, त्या चारांना लागणारे आणखी सात. एका यंत्रावर हे सगळं जमवताना माणसाचे दोन-तीन आठवडे जातात, आणि दुसऱ्या यंत्रावर पहिल्यापासून सुरुवात. म्हणून जगभरातल्या काही रिकामटेकड्या लोकांनी (हा शब्दही नवऱ्याचाच) प्रत्येक प्रोग्रॅमची एक रेसिपी लिहून ठेवायला सुरुवात केली: माल कुठून आणायचा, आधी काय बसवायचं, मग काय, आणि शेवटी नीट झालंय की नाही हे कसं तपासायचं. ही रेसिपी यंत्रच वाचतं आणि यंत्रच अमलात आणतं. आपण फक्त एक ओळ टाइप करायची. मात्र प्रोग्रॅम बदलतात, पत्ते बदलतात, त्यामुळे रेसिप्या कायम दुरुस्त करत राहाव्या लागतात. माझ्या वाट्याला अशा एक्केचाळीस होत्या. त्यांचा कुणाला उपयोग होतो की नाही, हे मला ईमेलवरूनच काय ते कळायचं.

असंच एक ईमेल डॉ. रश्मी त्यागी यांचं आलं. त्या गुडगावच्या एका नव्या संशोधन संस्थेत भूजलावर काम करतात. दिल्लीभोवती ज्या वेगानं इमारती उठताहेत, त्याच वेगानं जमिनीखालचं पाणी खाली जातंय, ते किती आणि कुठे याचं गणित. त्यांना नवीन मोठं यंत्र मिळालं होतं. शनिवारी समिती येणार होती. तोवर भूजलाचा प्रोग्रॅम रेसिपीवरून बसला आणि बरोबर उत्तर देऊ लागला तर ठीक. नाहीतर एका कंपनीचं बंदिस्त पॅकेज विकत घ्यायचं, असं ठरलेलं. बंदिस्त म्हणजे उत्तर मिळेल, पण ते कसं आलं हे कुणालाच बघता येणार नाही. रश्मींनी लिहिलं होतं, "मैडम, आप आ जाइए।" आजवर मला एवढ्या लांबून कुणी बोलावलं नव्हतं. मी रजा टाकली.

मंगळवार, लक्ष्मीबाई नगर

उतरले मावसबहिणीकडे. शुभाचे यजमान केंद्र सरकारात आहेत, त्यामुळे लक्ष्मीबाई नगरातलं क्वार्टर. शेजारी एका बाजूला ओडिशाचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला केरळचं, वरच्या मजल्यावर बिहारचं. जिन्यात चार प्रकारच्या फोडण्यांचा वास येतो आणि दिल्लीची भाजी त्या सगळ्यांत शिजते. शुभाला तिथे बावीस वर्षं झाली. तिचं मराठी अजून शुद्ध सदाशिव पेठी आहे, फक्त मध्येमध्ये तिच्याही नकळत हिंदीची खडी टोचते.

"अगं यार, स्वेटर एकच आणलास? बिल्कुल चालायचं नाही. घाल हे."

तिनं मला तिच्या यजमानांचा कोट घातला. बाह्या बोटांच्या पुढे आल्या. आपल्याकडे थंडी म्हणजे पहाटे चादर पायावर ओढायची. इथली थंडी बसायला येते आणि उठत नाही. मी नेलेल्या भडंगाची एक पुडी तिच्या मुलीनं तिखटानं डोळे पुसत संपवली आणि विचारलं, "मावशी, 'बेदाणे' म्हणजे काय?" मी बेदाण्यांची पुडी उघडून दाखवली. "ओह, किशमिश!" सांगलीच्या माणसाला बेदाण्याचा अर्थ सांगावा लागतो तेव्हाच आपण किती लांब आलो ते कळतं.

बुधवार, गुडगाव

गुडगावचा रस्ता म्हणजे एका बाजूला मोहरीचं पिवळं शेत आणि दुसऱ्या बाजूला वीस मजल्यांची क्रेन. मधून म्हशी जातात. संस्थेची इमारत पूर्ण काचेची. सांगलीत असली तर उन्हाळ्यात आत बसणारे भाजून निघतील. आत मात्र नव्या रंगाचा वास, लिफ्टमध्ये गाणं आणि कॅन्टीनमध्ये छोटे समोसे, टिश्यूत गुंडाळलेले.

रश्मी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मेरठकडची, बोलायला रोखठोक. नमस्कार-चमत्कार न करता तिनं मला सरळ यंत्रापाशी नेलं. "मैडम, दस में से नौ बन गए। दसवाँ देखिए।"

दहावा, म्हणजे खुद्द भूजलाचा प्रोग्रॅम, बसतच नव्हता, कारण त्याच्या तळाशी असलेली एक जुनी गणिती फाईल मिळत नव्हती. लिहिणारे परदेशातले प्राध्यापक. ते वारले, आणि त्यांच्या विद्यापीठानं त्यांचं पान बंद केलं. तो पत्ता आमच्या रेसिपीत वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होता, म्हणून फाईलची प्रत आपल्याकडे ठेवावी असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्या डोक्यात यायला हवं होतं. ती रेसिपी माझ्याकडे होती. माझ्या यंत्रावर एक प्रत होती, पण गेल्या मे महिन्यात ती डिस्क गेली आणि 'नेटवर आहेच की' म्हणून मी स्वस्थ बसले.

रेसिपीत एक सोय असते. प्रत्येक फाईलचा बत्तीस अक्षरांचा एक ठसा लिहून ठेवलेला असतो. फाईलमधला एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी ठसा पार वेगळा येतो. म्हणजे प्रत कुठूनही आणा, ती अस्सल आहे की नाही हे ठशावरून कळतं. ठसा आमच्याकडे होता. फाईल नव्हती.

आम्ही दिवसभर ईमेलं पाठवली. ऑस्ट्रेलियातून उत्तर आलं, नाही. जर्मनीतून आलं, नाही, पण तुमच्या रेसिप्या आम्ही वापरतो, आभारी आहोत. एरवी या वाक्यावर मी आठवडाभर तरंगले असते.

दुपारी रश्मीनं विचारलं, "यह रेसिपी सबसे पहले लिखी किसने थी?"

मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माहीत होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. ती रेसिपी पहिल्यांदा एस. गायकवाड नावाच्या माणसानं लिहिली होती. चार वर्षांपूर्वी त्यांनी कळवलं, वेळ होत नाही, कुणीतरी घ्या. मी घेतली. वर्षभरानं मी माझ्या सगळ्या रेसिप्यांची साफसफाई केली, एकसारख्या दिसाव्यात म्हणून. त्यात पहिली ओळ होती, 'मूळ लेखन: एस. गायकवाड'. ती मी काढून टाकली. दुष्टपणा नव्हता. ती ओळ यंत्राच्या काही उपयोगाची नव्हती, एवढंच. नंतर त्यांचं एक ईमेल आलं होतं, एका वाक्याचं: 'पहिली ओळ गेलेली दिसते.' मी परीक्षांच्या गडबडीत होते. उत्तर राहून गेलं.

त्यांना आता पाठवलेलं ईमेल परत आलं, पत्ता बंद. पण माझ्या जुन्या ईमेलांत त्यांच्या सहीखाली घरचा पत्ता होता. गाझियाबाद.

गुरुवार, गाझियाबाद

"एकटी कशी जाशील? चल, मी येते," शुभा म्हणाली. दोन बस बदलून, तिसरी चुकीची पकडून, आणि तिथून सायकलरिक्षानं आम्ही त्या कॉलनीत पोचलो. सरकारी कारखान्याची वसाहत होती ती. कारखाना बंद पडलेला. त्याच्या लोखंडी फाटकातून वाळकं गवत बाहेर आलेलं, आणि समोरच नव्या फ्लॅट्सच्या जाहिरातीत एक जोडपं हसत होतं.

गायकवाडांच्या दाराला कुलूप. वरून आवाज आला, "किसे ढूँढ रही हैं, बेटा?" मी पन्नाशीला आले आहे, मला कुणी 'बेटा' म्हणून कैक वर्षं झाली होती. गच्चीवर उन्हात एक सत्तरीच्या बाई मटार सोलत बसल्या होत्या, अरोरा आंटी. त्यांनी आम्हाला वर बोलावलं. आपल्याकडे आधी 'कोण आपण' विचारतात, मग पाणी. तिथे आधी काळ्या गाजराची कांजी हातात आली, आंबट, मोहरीनं नाकात झणझणणारी, आणि आमचे पेले रिकामे झाल्यावरच त्यांनी विचारलं, "हाँ, अब बताइए।"

गायकवाड साहेब? ते तर कधीचेच गेले. कारखान्याच्या संगणक विभागात होते. कारखाना बंद झाला, हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद आला. "दो साल खाली बैठे रहे बेचारे। रोज़ फाइल लेकर इंटरव्यू को जाते थे। अब पानीपत में हैं, कंबल-वंबल के कारखाने में।"

शुभानं माझ्याकडे पाहिलं. मराठी माणसाला 'पानिपत' हा शब्द ऐकून जे होतं ते तिला झालं. "ललिता, दुसरं कुठलं गाव नव्हतं का गं?"

आंटींकडे कॅलेंडरच्या मागे फोन नंबर लिहिलेला होता. खाली एसटीडी बूथ होता, तिथून नंबर फिरवला. यंत्रांचा खडखडाट ऐकू आला, मग कुणीतरी "सैमुअल साब!" अशी हाक मारली, मग आवाज आला, "हॅलो, गायकवाड."

मी नाव सांगितलं. पलीकडे नुसता खडखडाट.

"कोण, रेसिपीवाल्या ललिता?"

"हो."

"बोला."

मी फाईलचं सांगितलं. घाईघाईनं, एका दमात. त्यांनी मध्ये एकदाही 'हं' म्हटलं नाही. शेवटी म्हणाले, "असेल. बघावं लागेल. उद्या बाराच्या आत या. नंतर मला रंगाच्या टाक्यांवर जावं लागतं."

फोन ठेवल्यावर शुभा म्हणाली, "कसा वाटला माणूस?"

"सभ्य," मी म्हटलं. त्याचंच जास्त भय वाटलं.

शुक्रवार, पानिपत

शुभा आजही बरोबर होती. सकाळी सहाची बस धुक्यातून अशी निघाली, की ड्रायव्हरचा सोबती दारात लटकून रस्ता सांगत होता. मध्ये ढाब्यावर थांबली तेव्हा मुळ्याचे पराठे खाल्ले. वर पांढऱ्या लोण्याचा असा गोळा, की पराठा शोधावा लागला. मी संकोचून अर्धं लोणी बाजूला काढलं, तर वाढणाऱ्यानं विचारलं, "खराब है क्या?" मी मुकाट्यानं खाल्लं.

पानिपत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते सांगायला नको. प्रत्यक्षात दिसल्या सतरंज्या, चादरी, आणि जुन्या कोटांचे डोंगर. परदेशातून टाकून दिलेले लोकरी कपडे इथे येतात, फाडून पिंजून त्यांचं पुन्हा सूत होतं, आणि सुताचे कंबल. रंगाच्या कारखान्याच्या अंगणात लाल, निळ्या, हळदी रंगाच्या लडी उन्हात टांगल्या होत्या. कामगारांचे हात कोपरापर्यंत रंगलेले. एकाचा डावा हिरवा आणि उजवा जांभळा.

सॅम्युअल गायकवाड दारातच उभे होते. उंच, बारीक, काळ्या फ्रेमचा चष्मा, स्वेटरवर रंगाचे शिंतोडे. मूळचे अहमदनगरचे. "या," म्हणाले, आणि पाणी मागवलं. आमच्याशी मराठी बोलताना ते दर वाक्याआधी क्षणभर थांबत होते, जणू शब्द कपाटातून काढून झटकून देत होते.

त्यांचं काम कळलं तेव्हा मी चकित झाले. गिऱ्हाईक रंगाचा एक तुकडा पाठवतं. तोच रंग यायला कोणते रंग किती घालायचे याचं गणित ते संगणकावर करतात. त्यालाही इथे रेसिपीच म्हणतात. त्यांच्या मदतनिसानं मला आदरानं विचारलं, "मैडम भी रेसिपी बनाती हैं? कौन-से शेड की?"

मी हसले, पण गायकवाड हसले नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि शांतपणे म्हणाले, "तुम्ही रेसिपी चांगली वाढवलीत. मी बघत होतो. माझ्या वेळी ती दोनच यंत्रांवर चालायची, तुम्ही सगळीकडे चालवलीत. फक्त पहिली ओळ काढलीत."

"चुकलं माझं," मी म्हटलं. "मी ते साफसफाई समजून केलं. तुमचं ईमेलही वाचलं होतं. उत्तर दिलं नाही, ही दुसरी चूक."

"तेव्हा मला नोकरी नव्हती," ते म्हणाले. "कारखान्यातलं माझं काम कुणाला दाखवता यायचं नाही, ते त्यांच्या मालकीचं. दाखवण्यासारखी एवढी एकच गोष्ट होती. नोएडात एका ठिकाणी इंटरव्ह्यूला सांगितलं, हे माझं काम. त्या साहेबानं तिथल्या तिथे इंटरनेटवर उघडून बघितलं. नाव नव्हतं. तो काही बोलला नाही. चहा दिला आणि निरोप दिला."

बाहेर पिंजणयंत्रं चालू होती. मला वाटलं होतं, फार तर मी एका माणसाला दुखावलं असेल. त्याची दोन वर्षं माझ्या एका सुबक वाटलेल्या कृतीखाली गेली असतील हे माझ्या मनाला कधी शिवलंही नव्हतं. मला तिथून उठून निघून जावंसं वाटलं. पण मग आले कशाला होते?

"मी फाईल मागायला आले खरी," मी म्हटलं, "पण ती नाही दिलीत तरी तक्रार करणार नाही. ती ओळ मात्र आत्ता परत घालायची आहे. तुमच्याकडे इंटरनेट आहे?"

त्यांनी चष्मा काढून स्वेटरला पुसला. "फाईल माझी थोडीच आहे? प्राध्यापकांची आहे. माझी नाही, तुमचीही नाही. ती लपवून मी काय करणार?"

शेडकार्डांच्या कपाटातून त्यांनी एक पाकीट काढलं. त्यात पाच फ्लॉप्या होत्या, प्रत्येकीवर बारीक अक्षरात नंबर. फाईल मोठी, फ्लॉपी लहान, म्हणून पाच तुकडे. पहिली वाचली गेली. दुसरी, तिसरी. चौथी घातली आणि यंत्रातून करवतीसारखा आवाज आला. वाचता येत नाही. काढून पुसली, पुन्हा घातली. पुन्हा करवत. आणखी एकदा. घड्याळात साडेअकरा.

"पाचांतले चार म्हणजे शून्य," गायकवाड पुटपुटले. एक तुकडा नसला की बाकीचे चार निरुपयोगी.

तेवढ्यात मदतनीस म्हणाला, "साब, काँटे वाला कंप्यूटर?" सूत मोजायच्या काट्यापाशी एक जुनाट संगणक होता, धुळीनं आणि लोकरीच्या तंतूंनी माखलेला. गायकवाडांनी त्याचं तोंड फुंकलं, लोकरीचा एक गुलाबी पुंजका बाहेर उडाला. चौथी फ्लॉपी आत गेली. आम्ही चौघं वाकून ऐकत राहिलो. आधी एक कण्हणं, मग थांबणं, आणि मग तो टिकटिकता आवाज, सुरळीत, एकसारखा. शुभानं माझा दंड इतक्या जोरात धरला, की कोट असूनही वळ उठले.

पाच तुकडे जोडले. आता ठसा. मी कागद हातात धरला, गायकवाडांनी पडद्यावरचं वाचायला सुरुवात केली. यंत्रांच्या आवाजात त्यांना ओरडून वाचावं लागत होतं. "सात! एफ! शून्य! तीन! सी!" मी 'हो' म्हणत प्रत्येक अक्षराखाली पेनानं टिंब देत होते. विसाव्या अक्षरापर्यंत माझा आवाज नीट होता. पंचविसाव्यानंतर मी नुसती मान हलवू लागले. एकतिसावं. बत्तिसावं.

"जुळला!" मी ओरडले.

"पूर्ण?"

"पूर्ण!"

मदतनिसाला काय झालं ते कळलं नव्हतं, तरी त्यानं टाळ्या वाजवल्या. गायकवाड खुर्चीत मागे टेकले आणि पहिल्यांदाच हसले, मोठ्यानं, एक पुढचा दात नसलेलं हसू. कारखान्याच्या फोनलाइनवरून आम्ही रेसिपी उघडली. मी उठले आणि कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी ओळ लिहिली. खाली सांभाळणाऱ्यांच्या जागी माझं नाव होतं. माझ्या नावाआधी मी त्यांचं घातलं.

"मला वेळ होणार नाही," ते म्हणाले.

"माझ्या चुका काढायला तरी होईल ना?"

"तेवढा होईल," ते म्हणाले, आणि टाक्यांवर जायची वेळ टळून गेली तरी आम्हाला जेवायला घरी घेऊन गेले. त्यांच्या पत्नी, मेरीवहिनी, तिथल्या एका शाळेत शिकवतात. त्यांनी भाकरी केली होती, बाजरीची, आणि तिथलं मिश्र लोणचं. उत्तरेत चार दिवस काढल्यावर भाकरी थापल्याचा आवाज कानाला कसा लागतो, ते तिथे गेल्याशिवाय कळायचं नाही. निघताना मी भडंगाची राहिलेली पुडी त्यांच्या हातात ठेवली. शुभानं तोवर सात चादरी आणि दोन कंबल घेतले होते. एवढी मोठी फाईल फोनलाइनवरून जाण्याजोगी नव्हती, म्हणून गायकवाडांनी तिच्या तीन सीड्या काढून ठेवल्या होत्या. परतीच्या बसमध्ये गठ्ठा तिच्या मांडीवर, आणि सीडी माझ्या पदराखाली, पोटाशी. दुसरी प्रत गायकवाडांकडे, तिसरी शुभाच्या पर्समध्ये. एका प्रतीवर विसंबायचे दिवस संपले होते.

रश्मीला पानिपताहूनच फोन केला होता; दिल्लीत घरी पोचलो तेव्हा तिचा ड्रायव्हर दारात उभाच होता. त्याच्या हाती सीडी दिली. शुभाच्या यजमानांनी विचारलं, "काय झालं पानिपतात?"

शुभा गठ्ठा खाली टाकत म्हणाली, "जिंकलो!"

शनिवार, पुन्हा गुडगाव

सकाळी पोचले तर रश्मी हसतमुख. दहावा प्रोग्रॅम बसला होता, उत्तर बरोबर आलं होतं. फाईल संस्थेच्या पानावर ठेवून रेसिपीत तिचा नवा पत्ताही तिनं घातला होता. गायकवाडही आले होते, माझ्या आग्रहावरून रजा काढून, इस्त्रीचा तपकिरी कोट घालून. समितीत तीन जण. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक, पांढऱ्या मिश्या, गळ्याला मफलर, कपाळाला आठी. कंपनीचा प्रतिनिधीही टाय लावून हजर.

रश्मीनं उत्तराचा कागद पुढे ठेवला. अध्यक्षांनी तो उचललाही नाही.

"मैडम, आप लोगों ने रात में क्या-क्या जोड़ा-घटाया, हमें क्या मालूम? सब मिटा दीजिए। हमारे सामने फिर से बनाइए।"

रश्मीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती माझ्याकडे पाहू लागली. रात्रभराचं काम होतं ते, यंत्रावर सगळं नीट बसलेलं. मी गायकवाडांकडे पाहिलं. त्यांनी खांदे जरासे उडवले. "पुसू द्या की. रेसिपी कशासाठी आहे?"

"मिटा दीजिए," मी म्हटलं. "लेकिन बनाएँगे आप, सर। हम हाथ नहीं लगाएँगे।"

आठी थोडी सैल झाली. यंत्र पुसलं गेलं. अध्यक्षांनी मफलर सारखा केला आणि एका बोटानं ती एक ओळ टाइप केली. एक अक्षर चुकलं. यंत्रानं नकार दिला. कंपनीचा प्रतिनिधी हळूच हसला. अध्यक्षांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं टाय सारखा केला. पुन्हा टाइप केलं. पडद्यावर ओळी वाहू लागल्या.

सव्वातीन तास लागणार होते. आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये छोले-भटुरे खायला गेलो. दिल्लीत भटुरा ताटापेक्षा मोठा असतो; फुगलेला असा, की फोडायला भीती वाटते. गायकवाड अध्यक्षांना रंगाच्या रेसिप्यांबद्दल सांगत होते आणि अध्यक्ष खाणं थांबवून ऐकत होते. माझा भटुरा ताटात तसाच होता. एकदा वीज गेली. सगळे दिवे विझले. दोन क्षणांत खालून जनरेटरची घरघर आली. रश्मी धावत वर जाऊन आली. "चल रहा है, मैडम। मशीन अलग बैटरी पर है।" मग मी गाजरहलवा दोनदा घेतला.

आम्ही वर आलो तेव्हा नववा प्रोग्रॅम संपत होता. मग पडद्यावर पानिपतच्या फाईलचं नाव आलं, ठसा जुळल्याची ओळ आली आणि पुढे सरकली. किती साधी ओळ. गायकवाडांनी घसा साफ केला. दहावा उभा राहिला, नमुन्याचं गणित आपोआप सुरू झालं, आणि छापणाऱ्या यंत्रातून आकड्यांनी भरलेला कागद बाहेर आला.

अध्यक्षांनी तो कागद घेतला, रश्मीचा सकाळचा कागदही घेतला, आणि चालत खिडकीपाशी गेले. सकाळचं धुकं हटून लख्ख ऊन पडलं होतं. त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून काचेवर धरले. उन्हातून आकड्यांवर आकडे बसले. शेवटच्या अंकापर्यंत, कडेपासून कडेपर्यंत, एकही दुहेरी दिसेना. मग परत येऊन यंत्रासमोर बसले, बोट वर धरून, परीक्षेला बसलेल्या विद्यार्थ्यासारखे.

"अब कौन-सा बटन दबाऊँ?"

"कोई नहीं, सर," मी म्हटलं. "हो गया।"